दाखला देण्याचा अधिकार कोणाला?

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असतो. असा खरा दाखला मिळालेल्या मुलाने मित्रासाठी दुसरा दाखला लिहिला, खाली स्वतःची सही केली आणि सोबत आपला मूळ दाखला टाचून दिला, तर? कोणताही कारकून तो परत करील. पण २००२ साली जगात सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर, मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर, असले दाखले बिनतक्रार स्वीकारत होता.

बँकेच्या संकेतस्थळाशी ब्राउझर जोडला जातो, तेव्हा संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र पुढे करते. हे नाव आणि ही सार्वजनिक किल्ली एकमेकांची आहेत, अशी ग्वाही एखाद्या प्रमाणन संस्थेने त्यात अंकीय सही करून दिलेली असते. त्या संस्थेला वरच्या संस्थेचे प्रमाणपत्र असते. ही साखळी आपल्या यादीतील मूळ संस्थेपर्यंत पोहोचते का, हे ब्राउझर तपासतो. मात्र प्रत्येक कडीला आपण दोन प्रश्न विचारायला हवेत. सही खरी आहे का? आणि सही करणाऱ्याला इतरांना प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आहे का? दुसऱ्या प्रश्नासाठी एक्स.५०९ या मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीत खास रकाना आहे. इंटरनेट एक्सप्लोरर तो नीट पाहतच नव्हता.

पुढे मॉक्सी मार्लिनस्पाइक या नावाने प्रसिद्ध झालेल्या संशोधकाने ऑगस्ट २००२ मध्ये हे उघड केले. स्वतःच्या साध्या संकेतस्थळाचे रीतसर प्रमाणपत्र असलेला कोणीही कोणत्याही बँकेच्या नावाचे प्रमाणपत्र बनवू शकत होता. वापरणारा आणि बँक यांच्या वाटेत बसून ते पुढे केले, की ब्राउझर कुलपाचे चिन्ह दाखवी आणि परवलीचा शब्द चोराच्या हाती जाई. चूक विंडोजच्या सामाईक भागातच असल्याने दुरुस्तीही विंडोजमध्येच करावी लागली. ती सप्टेंबरात निघाली.

एवढा गाजावाजा झाल्यावर ही चूक पुन्हा होऊ नये. झाली! जुलै २०११ मध्ये ॲपलला आयफोनमध्ये हीच दुरुस्ती करावी लागली. याचे कारण आपल्या परीक्षांमध्येही सापडेल. अचूक प्रमाणपत्रे दिली, तर तपासणी गाळलेला ब्राउझरही पूर्ण गुण मिळवतो. दोष दिसायला मुद्दाम चुकीची प्रमाणपत्रे द्यावी लागतात. २०१४ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी तेच केले. खऱ्या प्रमाणपत्रांचे तुकडे जोडून त्यांनी ८० लाखांहून अधिक विचित्र प्रमाणपत्रे तयार केली आणि ती वेगवेगळ्या तपासणी-प्रणालींना दिली. एकीने स्वीकारायचे आणि दुसरीने नाकारायचे, असे २०८ प्रकारचे मतभेद निघाले.