पक्षाघातोत्तर भावविकार

पक्षाघातोत्तर भावविकार : मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन पक्षाघात (अर्धांगवायू, लकवा, बोलीत ‘अंगावरून वारं जाणं’) झाल्यानंतर उद्भवणारे मनःस्थितीचे विकार.

व्याप्ती : मुंबईतील जुहूला लागून असलेल्या एच प्रभागात २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल यांच्या पथकाने केलेल्या नोंदणीत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला १४५ जणांना प्रथमच पक्षाघात झाल्याचे आढळले. जगभरच्या अभ्यासांनुसार अशा साधारण तीन रुग्णांमागे एकाला नैराश्य येते. धोका पहिल्या वर्षी अधिक असतो.

प्रकार व लक्षणे : नैराश्यात झोप व भूक बिघडते, व्यायामाचा कंटाळा येतो. रोज जुहू चौपाटीवर फिरणारा माणूस पाय सुधारल्यावरही घराबाहेर पडायला टाळाटाळ करतो. चिंताविकार आणि निरिच्छता हेही वारंवार दिसतात; उन्माद क्वचित होतो. भावनांवरील ताबा सुटण्याचा प्रकार वेगळा : ‘जेवलात का?’ एवढे विचारताच रुग्णाला रडू कोसळते आणि काही क्षणांत थांबते. मनात तेवढे दुःख असतेच असे नाही.

कारणे : मेंदूतील जोडण्या व रासायनिक संदेशवाहकांवर झालेला आघात आणि परावलंबनाचा धक्का, दोन्ही कारणीभूत असतात. मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातील इजेमुळेच नैराश्य येते, हे गृहीतक पुढील अभ्यासांत टिकले नाही. पूर्वीचे नैराश्य, तीव्र अपंगत्व व एकटेपणा यांमुळे धोका वाढतो.

निदान : मागील दोन आठवड्यांतील मनःस्थितीविषयीची प्रश्नावली वापरतात. वाचा गेलेल्या रुग्णाबाबत घरच्यांनी टिपलेले बदल महत्त्वाचे ठरतात. घरात ‘हट्टीपणा’ म्हणून सोडून दिल्याने निदान लांबते आणि फिजिओथेरपी मागे पडते.

उपचार : समुपदेशन व नैराश्यरोधक औषधे उपयोगी पडतात; मात्र औषधे देताना रक्तस्राव, सोडियमची घट व पडण्याचा धोका यांवर लक्ष ठेवावे लागते. हातापायांची ताकद वाढावी म्हणून सरसकट फ्लुओक्सेटीन हे नैराश्यरोधक औषध देण्याचा लाभ २०१८ व २०२० च्या मोठ्या चाचण्यांत दिसला नाही. अस्थिभंग मात्र वाढले. उपचारांसाठी जाता येईल असे, जुहू-विलेपार्ले विकास योजनेतील महापालिकेचे डॉ. रु. न. कूपर रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. ‘टेलि-मानस’ (१४४१६) या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवरही सल्ला मिळतो. आत्महत्येचे विचार बोलून दाखवल्यास रुग्णाला एकटे न सोडता तातडीने रुग्णालयात न्यावे.