कोपऱ्यावरचें कुंपण

मनुष्यास शेजार हवा असतो, परंतु शेजाऱ्याची नजर घरांत नको असते. या दोन्ही इच्छा एकाच वेळीं पुरविणें हें नगररचनेचें जुनें कोडें होय. आणि तें सर्वांत अवघड होतें तें दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील घरीं. मधल्या घरास एकच दर्शनी बाजू असते व परसदार तिच्या मागें लपतें. कोपऱ्यावरच्या घरास दर्शनी बाजू दोन. त्यामुळें दोरीवरचे कपडे आणि झाडाखालची खुर्चीसुद्धां वाटसरूच्या दृष्टीस पडते. आमच्या जुन्या वाड्यांनीं रस्त्याकडे भिंत व आंत चौक ठेवून हा प्रश्न फारसा उपस्थितच होऊं दिला नाहीं. इंग्लंडच्या उपनगरांनीं घर मध्यें व बाग सभोंवतीं अशी रचना पत्करली. मग ती बाग किती झांकावी, हा वाद तेथें शतकभर पुरला.

या वादाचें एक महत्त्वाचें पान हेन्रिएटा बार्नेट यांनीं लिहिलें. पाद्री पतीसह लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तींत त्यांनीं अनेक वर्षें काढलीं होतीं. श्रीमंत व गरीब यांच्या वस्त्या अलग असणें हें त्यांस समाजाचें मोठें दुखणें वाटे. हॅम्पस्टेडच्या माळालगत सर्व थरांतील लोकांसाठीं एक उद्यान-उपनगर वसवावें, अशी योजना त्यांनीं १९०५ मध्यें मांडली. एकरीं सरासरी आठच घरें, ४० फुटी रस्ते, दुतर्फा झाडें. आणि घराघरांमध्यें भिंत नको, तर झुडपांचें कुंपण, जाळी किंवा तारा असाव्या, असें तींत होतें. १९०६ मध्यें पार्लमेंटनें त्यासाठीं स्वतंत्र कायदा केला व १९०७ मध्यें काम सुरू झालें. रचनाकार रेमंड अन्विन यांनीं १९०९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत रस्त्यांच्या कोपऱ्यांचा मुद्दाम विचार केला. भिंत नको, हें तेव्हां शेजारधर्माचें तत्त्व होतें.

पुढें मोटार वाढली आणि तत्त्वाच्या जागीं मोजपट्टी आली. कोपऱ्यावरील भिंत, कुंपण, झाड किंवा झुडूप दृष्टीच्या आड येत असल्यास तें बदलावयास लावण्याचा अधिकार १९२५ च्या रस्ते-सुधारणा कायद्यानें रस्त्यांच्या अधिकाऱ्यांस दिला; १९८० च्या कायद्यांतहि तो आहे, व नुकसान सोसणाऱ्यास भरपाईची तरतूदहि आहे. बसलेल्या मोटारचालकाचा डोळा रस्त्यापासून निदान १.०५ मीटर उंचीवर असतो, असें तेथील रस्ते-रचनाकार धरितात. इंग्लंडांत लागू असलेल्या २०१५ च्या आदेशाप्रमाणें वाहनांच्या रस्त्यालगत एक मीटरहून, व अन्यत्र दोन मीटरांहून उंच भिंत वा कुंपण बांधावयाचें तर परवानगी घ्यावी लागते. मधल्या घरास हा लहान आंकडा केवळ पुढच्या दारीं जाचतो. कोपऱ्यावरच्या घरास तो बागेच्या कडेनेंहि लागूं पडतो.

गंमत अशी कीं, नुसतीं झुडपें लावण्यास ती परवानगी लागत नाहीं. म्हणून लोकांनीं झपाट्यानें वाढणारे लेलँड सायप्रस लावले आणि बार्नेटबाईंनीं भिंतीच्या जागीं सुचविलेलें हिरवें कुंपण स्वतःच भिंत होऊन बसलें. शेजाऱ्यांच्या खिडक्या अंधारल्या. भांडणें इतकीं वाढलीं कीं २००३ मध्यें पार्लमेंटला दोन मीटरांहून उंच अशा सदाहरित कुंपणांविरुद्ध दाद मागण्याची सोय करावी लागली.

आम्हांस यांतून एक गोष्ट दिसते. आडोसा मागणें हा स्वार्थ नव्हे. तो न मिळाल्यास मनुष्य आडवाटेनें मिळवितो. उलट, कोपऱ्यामागून धांवत येणारें मूल चालकास दिसलेंच पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु सर्वांच्या सुरक्षिततेची किंमत एकाच कुटुंबानें आपल्या बागेंतून द्यावी, हें न्याय्य नव्हे. भूखंड आंखतांनाच कोपऱ्याचा तुकडा रुंद ठेवावा, म्हणजे कुंपण रस्त्यापासून मागें घेऊन उंच करितां येईल, आणि चालकास दृष्टि व घरच्यांस आडोसा, दोन्ही लाभतील. बाकीचें काम कायद्याचें नाहीं. बुटकें कुंपण सुखाचें होतें तें रस्त्यानें जाणाऱ्यास नजर फिरविण्याची रीत ठाऊक असेल तेव्हांच.