स्मारकाची भिंत आणि बिरड्याचा रोजा

ठाण्यातील टेंभी नाका परिसरातील ‘शआर हशामायीम’ हे सिनेगॉग १८७९ साली उभे राहिले. या नावाचा अर्थ ‘स्वर्गाचे द्वार’. स्वप्नात शिडी पाहून जागा झालेल्या याकोबाने त्या स्थळाविषयी काढलेल्या उद्गारातून ते आले आहे. भारतात उरलेल्या मोजक्या ज्यूंपैकी मोठा हिस्सा आज ठाणे-मुंबई परिसरात राहतो. त्यांतील बहुसंख्य मराठीभाषक बेने इस्राएल आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेतील सिनेगॉगमध्ये ज्यूंच्या वंशसंहाराच्या स्मारककलेची एक स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. ठाणे-कोकणातील प्रार्थनास्थळांत ती रुजली नाही. या अभावाचा अर्थ विस्मृती असा लावावयाचा, की स्मरणाची एखादी वेगळी चिन्हव्यवस्था येथे कार्यरत आहे असे मानावयाचे, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

युरोपीय परंपरेचे सर्वांत लक्षणीय उदाहरण प्रागच्या पिंकास सिनेगॉगचे आहे. वाक्लाव बोष्टीक व यिर्झी योन या चित्रकारांनी १९५४ ते १९५९ या काळात तेथील भिंतींवर बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांतील सुमारे ७८ हजार मृतांची नावे हाताने लिहिली. १९६० मध्ये हे स्मारक खुले झाले. १९६८ मध्ये भूजलाच्या ओलीमुळे ते बंद करावे लागले आणि १९९२ ते १९९६ या काळात बरीचशी नावे पुन्हा लिहावी लागली. दोन्ही कलावंत चित्रकार असूनही त्यांनी भिंतीवर मानवी आकृती काढली नाही, ही बाब महत्त्वाची आहे. मूर्तीविषयीचा धार्मिक निषेध आणि संहाराच्या चित्रणाविषयीचा नैतिक संकोच यांच्या संधीवर कलेने लेखनाचा आश्रय घेतला. म्हणजेच हे स्मारक मूलतः एक संहिता आहे. आणि ओल आल्यावर ती पुन्हा लिहावी लागते, हा तिच्या अर्थाचाच एक भाग आहे.

स्मारकाला संहिता मानले, की बेने इस्राएलांच्या परंपरेकडेही निराळ्या दृष्टीने पाहता येते. या समाजाची उत्पत्तिकथा मुळातच आपत्तीची कथा आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले आणि वाहून आलेली प्रेते गावकुसाजवळ पुरली गेली, असे ही कथा सांगते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये तेल अविव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात ही परंपरा नोंदवली आहे. तीनुसार या पूर्वजांचे आगमन जेरुसलेमच्या मंदिराच्या इ. स. ७० मधील विध्वंसापूर्वीचे आहे. याचा अर्थ असा, की तो विध्वंस या समाजाने भोगला नव्हता.

असे असूनही त्या विध्वंसाच्या शोकाचा, अव महिन्याच्या नवमीचा उपवास या समाजाने स्वीकारला आणि त्याला ‘बिरड्याचा रोजा’ हे नाव दिले. उपवासाशी निगडित जेवणात वालाचे बिरडे असे, म्हणून हे नाव. ‘रोजा’ हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आला, बिरडे कोकणी स्वयंपाकघरातून आले, आणि शोक जेरुसलेमचा राहिला. न भोगलेली आपत्ती भाषेच्या व अन्नाच्या द्वारे आत्मसात होते, याचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या मराठी भाषांतरासह असलेल्या हगादेतही हीच प्रक्रिया दिसते. प्रत्येक पिढीने आपणच मिसरातून बाहेर पडलो असे मानावे, ही वल्हांडणाच्या विधीची अपेक्षा असते. तेथील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या आहेत.

मग विसाव्या शतकातील वंशसंहाराला असे मराठी रूप का लाभले नाही? पहिले कारण संपर्काचे आहे. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेली माणसे मुंबईत आली होती. वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांना दिलेले प्रोत्साहन कलेतिहासात नोंदलेले आहे. परंतु त्यांचे जग जर्मन व इंग्रजी भाषेचे, स्टुडिओ आणि प्रदर्शनांचे होते. त्यांच्या अनुभवातून आधुनिक भारतीय चित्रकलेला बळ मिळाले. ठाण्याच्या किंवा अलिबागच्या प्रार्थनास्थळापर्यंत तो पोहोचण्याचा मार्ग मात्र तयार झाला नाही.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे. इस्राएलच्या संसदेने १९५१ मध्ये निसान महिन्याची २७ वी तिथी संहाराच्या स्मरणासाठी निश्चित केली. हे स्मरण बेने इस्राएलांपर्यंत राष्ट्राच्या दिनदर्शिकेतून, हिब्रू भाषेत आले. याच सुमारास स्थलांतराने वस्त्या रिकाम्या होऊ लागल्या होत्या. आणि जे तेथे गेले त्यांना १९६२ ते १९६४ या काळात विवाहाच्या संदर्भात आपले ज्यूपणच सिद्ध करण्याची वेळ आली. १९६४ च्या आंदोलनानंतर त्यांना मान्यता मिळाली. ज्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली गेली, त्यांनी ज्यू इतिहासातील सर्वांत मोठ्या शोकावर हक्क कोणत्या भाषेत सांगावा, हा पेच येथे दुर्लक्षिता येत नाही.

बहुसंख्य मराठी वाचकांपर्यंत हा इतिहास निराळ्या वाटेने पोहोचला. वि. ग. कानिटकर यांच्या बहुपरिचित ग्रंथाचे शीर्षक ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ असे आहे. पुराणातील प्रतिमेमुळे परका इतिहास परिचित झाला. तथापि शीर्षकापुरते पाहिले तर या प्रतिमेच्या केंद्रस्थानी असुर आहे. भस्मासुराची कथा त्याच्या स्वतःच्या भस्म होण्याने पूर्ण होते. त्याने ज्यांचे भस्म केले त्यांची नावे तिला लागत नाहीत. पिंकासच्या भिंतीचा व्यवहार नेमका याच्या उलट आहे.

तेव्हा ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये शिल्प वा चित्र नाही, ही उणीव मानण्याचे कारण नाही. दिवंगतांच्या नावाने लावलेला दिवा आणि प्रार्थनेत त्यांच्या नावाचा उच्चार ही स्मरणाची साधने तेथील विधीला अपरिचित नाहीत. उणीव आहे ती मराठी नावाची. जेरुसलेमच्या विध्वंसाला ‘बिरड्याचा रोजा’ मिळाला. आउशवित्झला तसा शब्द मिळाला नाही. हे स्वयंपाकघरातील नाव घडवण्यासाठी बोलणारा समाज लागतो. १९५१ च्या जनगणनेत भारतातील ज्यूंची संख्या २५ हजारांहून अधिक होती. २०११ मध्ये ती पाच हजारांच्याही खाली आली. ओलीने पुसलेली भिंत पुन्हा लिहिता येते. बोलणारेच उरले नाहीत तर शब्द कोठून यावयाचा, हा प्रश्न केवळ त्या समाजाचा नाही. तो मराठी भाषेचाही आहे.