पेटलेला नळ

"तू आयुष्यात काय दिवे लावणार आहेस ते दिसतंच आहे," असं आमचे वडील माझं प्रगतिपुस्तक हातात धरून दर सहामाहीला म्हणत. त्यांचं म्हणणं खोटं पाडायची मला कधी संधीच मिळाली नाही. पण गेल्या डिसेंबरात कर्वे रस्त्यावर, नळ स्टॉपच्या सिग्नलला, माझ्या हातून एक दिवा लागला. पिवळा.

तो पहिल्यांदा दिसला आमच्या सौभाग्यवतींना.

"अहो, हा नळ कसला पेटलाय?"

"नळ स्टॉपच आहे हा," मी पुढच्या रिक्षावरची नजर न काढता म्हणालो.

"बाहेर नाही, आत. तुमच्या त्या चाकामागे."

पाहतो तो खरंच! स्टिअरिंगमागे एक पिवळा नळ पेटला होता. पुढे ज्यांनी ज्यांनी तो पाहिला, त्यांना त्यात निरनिराळ्या वस्तू दिसल्या. भाच्याला पाणबुडी दिसली, शेजाऱ्यांना हेलिकॉप्टर. ते इंजिनाचं चित्र आहे, हे मला गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडल्यावर कळलं. त्यापुढे पुस्तिकेत एवढंच होतं, की अधिकृत गॅरेजशी संपर्क साधावा. पत्रिकेत 'शांत करून घ्यावी' असं लिहितात, दक्षिणा किती ते लिहीत नाहीत, त्यातलाच प्रकार.

आमची गाडी २०१३ च्या दसऱ्याची. म्हणजे तशी वयस्कर. वयस्कर माणसाला काही दुखलंखुपलं, की सगळा शेजार डॉक्टर होतो. खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनीअर म्हणाले, "दुर्लक्ष करा. माझा तीन वर्षं पेटलाय." दुसऱ्या एका गृहस्थांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून पुन्हा घट्ट बसवलं. अमेरिकेत ते सैल राहिलं तरी हा दिवा लागतो, असं त्यांच्या तिकडच्या मुलीने कळवलं होतं. आमच्या दिव्याला झाकणात रस नव्हता. तिसऱ्यांनी खिशातून काळी चिकटपट्टीच काढली. "लावा त्याच्यावर. दिसला नाही की त्रास नाही."

खरं सांगतो, मला तिसरा उपाय पटला होता. पण गाडी रोज सकाळी पार्किंगमधून मागे घेताना सौ. मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" करते. ती पंधरा दिवस पदर नाकाला लावून सांगत होती, की गाडीला पेट्रोलचा वास येतोय. "पेट्रोलच्या गाडीला मग काय वाळ्याचा वास येणार?" असं मी विचारलं होतं. दिवा लागल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यावर चिकटपट्टी लावता येत नाही.

शेवटी भाचा आला. त्याने काडेपेटीएवढी एक डबी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत खोचली आणि फोनवर वाचून दाखवलं, "मामा, पी०१७१. मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. बँक एक."

"कुठली बँक?" सौ.ने आतून विचारलं. बँक म्हणजे सिलिंडरांची ओळ. आमच्या इंजिनात ती एकच आहे, हे ऐकून ती निश्चिंत झाली.

तो आकडा घेऊन मी एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या तरुणाने बॉनेटसुद्धा न उघडता निकाल दिला, "ऑक्सिजन सेन्सर गेला. साडेसात हजार."

मी इतिहासाचा मास्तर. चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो, की बखर वाचताना आधी विचारा, लिहिणारा कोण आणि कोणासाठी लिहितोय. साडेसात हजार रुपयांची बखर मी तशीच कशी मान्य करू? म्हणून गॅरेजमधून उठलो आणि या दिव्याचं मूळ शोधायला बसलो.

आमच्या वडिलांची फियाट होती. इंजिन बिघडलं हे सांगणारा दिवा तिच्यात नव्हता. ते काम ती तोंडाने करी. वडील डोळे मिटून ऐकत आणि "प्लगमध्ये कचरा आहे" किंवा "चोक अजून आत जात नाहीये" असं सांगत. गाडीत इशाऱ्याचे दिवे आले ते अमेरिकेत, १९३० च्या दशकात. हडसन कंपनीने तेलाच्या दाबाचा काटा काढून तिथे नुसता दिवा बसवला. काटा वाचणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांनी त्याला नाव ठेवलं 'इडियट लाइट', मूर्खांचा दिवा. वडिलांना हे नाव ठाऊक असतं, तर त्यांनी ते प्रगतिपुस्तकावर लिहिलं असतं.

पण आमचा नळ त्या घराण्यातला नाही. त्याचा जन्म गाडीच्या काळजीतून झाला नाही. तो झाला एका शहराच्या डोळ्यांतल्या पाण्यातून.

१९४३ च्या जुलैत लॉस एंजेलिसवर असं काही धुरकं पसरलं, की भरदिवसा चार घरांपलीकडचं दिसेना, डोळे चुरचुरायला लागले. महायुद्ध चालू होतं. लोकांना वाटलं, जपान्यांनी विषारी वायू सोडला. मग संशय आला शहरातल्या एका कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी लागणारा ब्यूटाडाईन तयार होई. कारखाना बंद ठेवला. धुरकं होतं तिथेच. आरोपी निर्दोष निघाला.

खरा तपास केला तो जवळच्या पासाडेना इथल्या कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या जन्माने डच असलेल्या प्राध्यापकाने. हे गृहस्थ त्या वेळी काय करत होते? अननसाच्या वासाचा अभ्यास! अननसातून निघणारी सुगंधी द्रव्यं थंडाव्याने गोठवून पकडायची, असं त्यांचं तंत्र. तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेवर चालवलं. अननसाऐवजी हाती आला घाण वासाचा द्रव. १९५२ पर्यंत त्यांनी सगळं प्रकरण उलगडून मांडलं. मोटारींतून आणि तेलाच्या कारखान्यांतून सुटणारी न जळलेली पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कॅलिफोर्नियाच्या उन्हात एकत्र शिजतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. पुरावा म्हणून त्यांनी वापरल्या रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या. ओझोन लागला, की ताणलेल्या रबराला तडे जातात. तडे किती लवकर गेले, यावरून हवा किती बिघडली ते ठरायचं. रबराच्या कारखान्यावर आलेला आळ रबरानेच उतरवला, आता बोला!

ज्याच्या दारात गाडी उभी तोच गुन्हेगार, हे ऐकायला कोणालाच आवडलं नाही. पण १९६७ साली तिथले गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली आणि कॅलिफोर्नियात हवेसाठी वेगळं मंडळ निघालं. त्याचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिट. १९७० साली साऱ्या अमेरिकेला कडक कायदा लागू झाला. १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. म्हणजे धूर गाळणारी भट्टीच.

या भट्टीची पुढची जात एकाच वेळी तिन्ही विषं मारणारी. पण तिचं पथ्य फार. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हवी. फोडणीत मोहरी मोजून घालण्यासारखं हे काम कार्ब्युरेटरच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत सायलेन्सरच्या तोंडाशी बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला. त्याने धूर हुंगायचा, कॉम्प्युटरला कळवायचं, कॉम्प्युटरने पेट्रोल कमीजास्त करायचं. इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये असा एक कारकून बसला. वडिलांच्या कानाची नोकरी गेली ती इथे.

कारकुनाला तक्रार करायची असेल तर? १९८१ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत त्यासाठी 'चेक इंजिन' असा दिवा आला. तिथली सोय मोठी गमतीची. डॅशबोर्डखालच्या एका खोबणीतली दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडायची, किल्ली फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही. मग दिवा लुकलुके. एकदा, थांबून दोनदा. म्हणजे बारा, कारकून जागेवर आहे. चार आणि चार म्हणजे धुरात हवा जास्त. चार आणि पाच म्हणजे पेट्रोल जास्त. तारखात्यातल्या माणसाला फार सोपं गेलं असतं.

१९८८ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियाने असा दिवा सक्तीचा केला. पण प्रत्येक कंपनीची खोबण निराळी, आकडे निराळे. मग १९९६ पासून सबंध अमेरिकेत एकच सोळा पिनांची खोबण आणि एकच भाषा आली. पी म्हणजे इंजिन-गिअरकडचा मामला, पुढचं शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान आकडा. नियम साधारण असा, की धुराने ठरलेल्या मर्यादेच्या दीडपट मजल मारायच्या आत दिवा लागला पाहिजे. बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. लुकलुकायला लागला, तर मात्र गाडी बाजूला घ्यावी. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन ती महागडी भट्टी जाळत असतं.

आपल्याकडे ही वरात यायला वेळ लागला. शिसं असलेलं पेट्रोल त्या भट्टीला विष. शिसं नसलेलं पेट्रोल १९९५ साली चार महानगरांत आलं, देशभर व्हायला २००० साल उजाडलं. २०१० च्या एप्रिलात पुण्यासह तेरा शहरांत 'भारत स्टेज चार' लागू झालं, तेव्हा गाडीने स्वतःची तब्येत तपासायची सक्ती झाली आणि २०१३ च्या एप्रिलापासून तिची जास्त कडक आवृत्ती आली. म्हणजे आमच्या नळाचं जन्मसाल हेच.

इथवर वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा दिवा लागतो माझ्यासमोर, पण तो माझ्यासाठी लावलेला नाही. तो गाडीच्या मागे उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. आणि दुसरं, सेन्सर हा साक्षीदार. 'धुरात हवा जास्त आहे' एवढंच तो सांगतोय. ती कुठून आली ते शोधणं पोलिसांचं काम. साक्षीदारालाच साडेसात हजारांत बदलायचं हा कुठला न्याय?

भाच्याला घेऊन मी नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीपुढे. भाच्याने फोन पुढे केला, "बघा, गाडी उभी असताना कॉम्प्युटर चोवीस टक्के जादा पेट्रोल सोडतोय, रेस केली की सहावर येतो. पंप कमजोर असता तर उलट झालं असतं. म्हणजे हवा मोजायच्या यंत्रानंतर कुठेतरी चोरून हवा शिरतेय."

मिस्त्रींनी फोनकडे पाहिलंही नाही. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं ते इंजिनाभोवती फिरवायला लागले. नाडी पाहावी तसं. एका जागी थांबले आणि नळी माझ्या कानाला लावली.

"ऐका साहेब."

स्स्स्स. जुन्या रिंगच्या कुकरसारखा बारीक आवाज.

"व्हॅक्यूमचा पाइप फाटलाय. म्हणून थंड गाडी मिसिंग मारते, कच्चं पेट्रोल मागून जातं."

"आणि सेन्सर?"

"त्याला काय धाड भरलीय? तो बोंबलतोय म्हणून त्यालाच बदलता का?"

पाइप त्यांनी काढून माझ्या हातात दिला. वाकवला तर अंगभर तडे! बारा वर्षांची इंजिनाची धग आणि कर्वे रस्त्यावरची हवा खाऊन रबर पिकलं होतं. हागेन-स्मिट साहेबांची पट्टीच जणू. पाइप एकशेऐंशी रुपये, मजुरी दोनशे. भाच्याने डबी खोचून आकडा पुसला, नळ विझला. मिस्त्री आणि कॉम्प्युटर यांचं निदान एकच निघालं, याचा दोघांनाही थोडा राग आला असावा.

फाटका पाइप मी घरी आणला. वडिलांच्या फोटोखालच्या कपाटात तो ठेवला आहे. एवढा तरी दिवा लावला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मागे घेत होतो. आरशात सौ. दिसत होती. "येऊ द्या, येऊ द्या." पदर खांद्यावरच होता.

"वास गेला का गं?" मी खिडकीतून विचारलं.

"गेला. काय झालं होतं?"

मी तिला लॉस एंजेलिसपासून सांगायला सुरुवात केली. गाडीत बसून तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नळ स्टॉप आला तेव्हा मी दोन फेऱ्यांच्या नियमापर्यंत पोहोचलो होतो.

"म्हणजे त्या दिव्याला तुमची गाडी बिघडली हे कळायला दोन फेऱ्या लागतात?"

"हो. उगाच खोटी ओरड नको म्हणून."

"आणि मी पंधरा दिवस सांगत होते ते?"

सिग्नल हिरवा झाला होता. मी गाडी पुढे घेतली.