सतरंजीवरचा इतिहास
(आंबेडकरी जलसा, कव्वाली आणि ऐकणारे आपण)

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना नेत्यांची नावं येतात, सत्याग्रहांच्या तारखा येतात. अलीकडे शाहीर आणि गायकांचीही नोंद होऊ लागली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांच्यासमोर सतरंजीवर, गोणपाटावर, नाहीतर नुसत्या मातीत बसून रात्र रात्र गाणं ऐकणाऱ्या माणसांचा इतिहास कोणी लिहिला? ऐकणारा नसता तर गाणारा कोणासाठी गायला असता? विहाराच्या या स्मरणिकेत आम्ही त्या ऐकणाऱ्यांविषयी चार शब्द लिहीत आहोत. कारण ते ऐकणारे म्हणजे आपलेच आजी-आजोबा, आई-वडील आणि आपण स्वतः.

सुरुवात जलशापासून करावी लागते. महाडचा सत्याग्रह 1927 साली झाला, काळाराम मंदिराचा 1930 साली. त्या काळात आपल्या माणसांपैकी फारच थोड्यांना वाचता येत होतं. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ ही पत्रं निघाली, पण ती वाचून दाखवायलाही वस्तीत कोणीतरी शिकलेला लागे. अशा वेळी भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी जलसा उभा केला. तमाशाचा बाज लोकांच्या ओळखीचा होता, तोच त्यांनी घेतला आणि आतला मालमसाला बदलला. गणात देवाऐवजी बाबासाहेबांना वंदन आलं. गवळणीतली थट्टामस्करी गेली, बतावणीत सावकार, भटजी आणि मेलेली ढोरं ओढण्याची सक्ती आली, आणि शेवटी मुलांना शाळेत घाला हा उपदेश आला. आपल्या दहा सभा आणि एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं जुनी माणसं सांगत आली. पुढे कर्डकांनी या सगळ्यावर पुस्तकही लिहिलं, म्हणून आज आपल्याला एवढं तरी ठाऊक आहे.

यात ऐकणाऱ्याला काय मिळालं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. तमाशाला घरच्या बायका जात नसत. जलसा मात्र पोराबाळांसकट ऐकता येई. दिवसभर गिरणीत, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस रात्री तिथं बसे, पोट धरून हसे, आणि हसता हसता त्याला कळे की आपण ज्याला नशीब म्हणत होतो तो अन्याय आहे. हा आनंद साधासुधा नव्हता. सभेत माणूस ऐकतो आणि घरी जातो. गाणं मात्र त्याच्याबरोबर घरी येतं, जात्यावर बसतं, पाळण्याशी उभं राहतं.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिने पुरते होण्याआधीच, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्या दुःखात समाजाला धरून ठेवण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांत गाण्याचा वाटा मोठा आहे. या काळातलं सर्वांत मोठं नाव वामनदादा कर्डक. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी जन्मलेला हा माणूस तरुणपणापर्यंत निरक्षर होता. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते अक्षर शिकले आणि पुढे हजारो गाणी लिहून गेले. 2004 साली ते गेले, पण त्यांची गाणी कितीतरी माणसांना पुस्तक न उघडता पाठ आहेत. ही पाठ करण्याची शाळा म्हणजे जयंतीचा मंडप.

त्याच मंडपात कव्वाली आली. दर्ग्यातल्या सुफी गायनातून आलेला हा प्रकार आपल्या गायकांनी उचलला आणि त्यातून बुद्ध-भीमांचा विचार सांगितला. ‘कव्वालीचा जंगी सामना’ असा बोर्ड नाक्यावर लागला की आजूबाजूच्या चार वस्त्यांत निरोप जाई. दोन पार्ट्या समोरासमोर, पेटी, ढोलकी, बेंजो, मागे टाळ्या देणारा कोरस. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. सवाल कशावर? तर त्रिशरणावर, पंचशीलावर, घटनेच्या कलमांवर, बाबासाहेबांच्या चरित्रातल्या प्रसंगांवर. जवाब चुकला तर सतरंजीवरून आवाज येई. म्हणजे परीक्षा गायकाची आणि परीक्षक तुम्ही-आम्ही. दहावी न झालेल्या बायासुद्धा कोणता गायक ओळ पदरची घालतोय आणि कोण विषयाला धरून आहे, हे अचूक सांगत.

चाली बऱ्याचदा सिनेमाच्या असत. काही शिकलेली मंडळी त्याला नाकं मुरडत. पण त्यामागचं साधं कारण लक्षात घ्या. चाल आधीच कानात बसलेली असली की ऐकणाऱ्याचं सगळं ध्यान शब्दांवर जातं आणि दुसऱ्या कडव्याला सगळा मांडव गाऊ लागतो. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे गळे लाभले, सुषमादेवी, वैशाली शिंदे यांच्यासारख्या गायिका पुढे आल्या. पुढे कॅसेट निघाल्या आणि हीच गाणी घराघरात वाजू लागली. तरी कॅसेट घरात असणारा माणूसही तेच गाणं ऐकायला मंडपात येई. कारण कॅसेटमध्ये गाणं पाच मिनिटांत संपतं. मंडपात वन्स मोअर मिळाला की तेच गाणं अर्धा तास चाले, मध्येच गायक नवा शेर टाकी, परवाच वर्तमानपत्रात आलेली बातमी त्यात येई. अशी गाणी कुठेच रेकॉर्ड झाली नाहीत. ज्यांनी ऐकली त्यांच्यापाशीच ती राहिली.

कोणी विचारील, बौद्ध माणसानं गाण्याबजावण्यात इतकं रमावं का? अष्टशील घेणारे उपासक उपोसथाच्या दिवशी नृत्य-गीत-वाद्यापासून दूर राहतात हे खरं. पण रोजच्या पंचशीलात तशी मनाई नाही. दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणा वाजवून गातो, तेव्हा तारेचा आणि गळ्याचा सूर एकमेकांशी छान मिळतो, असं भगवान बुद्ध त्याला सांगतात. थेरगाथा आणि थेरीगाथा याही लिहिल्या जाण्याआधी कितीतरी पिढ्या तोंडपाठ होत्या. कानानं धम्म जपायची ही रीत आपल्यात नवी नाही.

आता थोडं आजच्याबद्दल. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस 12 पर्यंत सवलत. आजारी माणसं, परीक्षेची पोरं यांचा विचार करता नियम वाईट नाही. पण पहाटेपर्यंत चालणारा सामना त्यात गेला. नंतर मिरवणुकीत डीजे आला, तिथं आवाज आहे, पण सवाल-जवाब नाही. मोबाईलवर भीमगीतं मुबलक आहेत, आणि त्यातूनच गावोगावच्या गरीब गायिकांचा आवाज जगापुढे आला, हेही मान्य केलं पाहिजे. तरी मोबाईल एकट्यानं ऐकायचा असतो. शेजारच्या माणसाच्या डोळ्यांत त्याच ओळीला पाणी आलेलं त्यात दिसत नाही.

विठ्ठल उमपांचं जाणं आठवा. 26 नोव्हेंबर 2010 रोजी, नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रम चालू असताना मंचावरच ते कोसळले. वय 79. शेवटच्या श्वासापर्यंत त्यांना समोर माणसं हवी होती. अशा कलावंतांना आपण काय देऊ शकतो? बिदागी द्यावीच, ती वेळेवर आणि पुरेशी द्यावी, कारण कितीतरी गायकांचं म्हातारपण हलाखीत गेलं. पण त्याहून मोठी देणगी म्हणजे समोर बसणं, शेवटपर्यंत बसणं.

म्हणून आमची वस्तीतल्या सर्वांना विनंती आहे. वर्षातून निदान एक मैफल विहारात ठेवू या, संध्याकाळी 6 ला सुरू आणि 10 ला समाप्त. पुढच्या रांगेत खुर्च्या नकोत, सतरंजी अंथरू. घरात ज्या वडीलधाऱ्यांना जुनी गाणी येतात त्यांच्याजवळ मुलांनी वही घेऊन बसावं, गाणं कोणाचं, कुठं ऐकलं, हे लिहून घ्यावं. एक म्हातारी गेली की तिच्याबरोबर पन्नास गाणी जातात, आणि ती परत कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

जय भीम! नमो बुद्धाय!