आधी अक्षर, मग पुस्तक

डिझाइन शिकणारी मुलं विचारतात, प्रेरणा कुठून घ्यायची? त्यांना बहुधा युरोपातली पोस्टरं दाखवली जातात. ती पाहावीतच. पण आज आपण मुंबईतच थांबू आणि एक खिळा हातात घेऊ. छापखान्यातला खिळा, शिशाचा, ज्याच्या टोकावर उलटं अक्षर असतं तो.

गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. शिळाछापाची सोय अशी की बोरूनं लिहिलेलं पान जसंच्या तसं कागदावर उतरतं. पण शाईत चरबी असेल या शंकेनं सोवळ्यातली माणसं छापील कागदाला शिवत नसत. म्हणून त्यांनी शाईत तूप घातलं, असं सांगतात. वस्तू नवी, पण वाचकाला ती आपली वाटावी, ही काळजी त्यात होती.

खिळ्यांचं काम याहून अवघड. मात्रा वर, उकार खाली, शिवाय जोडाक्षरं. पोलादी दांड्याच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा, त्यात रस ओतायचा, की एक खिळा तयार. देवनागरीला असे शेकडो लागतात. अमेरिकन मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम हे काम करत. तिथे जावजी दादाजी (१८३९-१८९२) लहान वयात खिळे घासायला लागले.

आता पुढचा क्रम लक्षात घ्या. जावजींनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि निर्णयसागर छापखाना त्यानंतर, १८६९ मध्ये. आधी अक्षर, मग पुस्तक! पोलादावर अक्षरं कोरणारे त्यांचे सहकारी होते राणोजी रावजी आरू. बोरूचा जाड-बारीकपणा त्यांनी पोलादात आणला. निर्णयसागरचा एखादा संस्कृत ग्रंथ उघडून बघा. मूळ श्लोक मोठ्या टाइपात, टीका बारीक टाइपात, आणि बारीक टाइपातलं जोडाक्षरही डोळ्याला अडत नाही. 'काव्यमाला' देशभरच्या पंडितांनी वाचली त्यात या खिळ्यांचाही वाटा आहे.

शंभराहून अधिक वर्षांनी अडचण पुन्हा तीच, फक्त शिशाच्या जागी संगणकाचा पडदा. मोजक्या ठिपक्यांत मात्रा आणि वेलांटी बसवायची. विंडोजवरचा 'मंगल' हा टाइप केला र. कृ. जोशींनी. ते मुळात सुलेखनकार आणि कवी. म्हणजे इथेही हात आधी, यंत्र नंतर.

आम्हाला यातून दिसतं ते एवढंच. जावजींची प्रेरणा कुठून आकाशातून पडली नव्हती. एकेक खिळा हातात घेऊन घासताना त्याची कड, त्याची उंची, त्याचा दोष त्यांना कळत गेला. चांगली वस्तू नुसती पाहून भागत नाही. ती कशी झाली आणि कुठे अडली असेल, हे विचारावं लागतं.

आपल्या घरातली जुनी पुस्तकं मात्र रद्दीत चालली आहेत. द्यायच्या आधी एकदा उघडा. 'निर्णयसागर' किंवा 'कोलभाट गल्ली' दिसली तर ते पुस्तक बाजूला काढा आणि त्यातला एखादा 'क्ष' किंवा 'ज्ञ' पेन्सिलीनं मोठा करून काढून पाहा. छापखान्याचं नाव आपल्याला पाठ असतं, कोरणाऱ्या राणोजींचं कुणाला आठवत नाही. त्यांचा हात कसा वळत होता, हे निदान तुमच्या हाताला कळेल.