मजल दरमजल

दर हिवाळ्यात आमच्या ऑफिसात एक साथ येते. शनिवारी कुणीतरी एका दमात तीस किलोमीटर चालून येतो, रविवारी त्याचे फोटो येतात आणि सोमवारी तोच माणूस जिन्याचा कठडा धरून, खेकड्यासारखा आडवा आडवा उतरताना दिसतो. काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही रे, लॅक्टिक अ‍ॅसिड." मग केळी, लिंबू-मीठ, बर्फ, स्ट्रेचिंग, नवे बूट असे सल्ले पार जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालतात.

या दुखण्याला मराठीत एक झकास शब्द आहे. पाय आंबले. आंबतं ते पीठ, आंबतं ते ताक. म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडचा सिद्धांत आपल्या आज्या-पणज्यांनी आधीच मांडून ठेवला होता म्हणायचा :-) दुर्दैवाने दोन्ही पक्ष चूक. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि 24 ते 72 तासांत कळसाला पोचतं. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1902 मध्येच सांगितलं होतं की हे उशिरा येणारं दुखणं स्नायूंच्या आतल्या बारीक इजांचं आहे. स्नायू लांबत असताना जोर लावावा लागला की या इजा जास्त होतात. उतार उतरताना मांडीचा पुढचा स्नायू नेमकं हेच करत असतो. म्हणून चढ दमवतो आणि उतार दुखवतो. स्ट्रेचिंगवर तर बरेच प्रयोग झाले आहेत, आणि त्याने या दुखण्यात पडणारा फरक जवळजवळ नगण्य निघाला. खात्रीने उपयोगी पडते ती एकच गोष्ट, आधी थोडं थोडं चालून ठेवणं. एकदा थोडी इजा होऊन भरून आली की तोच स्नायू पुढचे कित्येक आठवडे तेवढ्याच श्रमाला कुरकुर करत नाही.

म्हणजे प्रश्न बुटांपेक्षा वेळापत्रकाचा आहे. पहिल्या दिवशी किती, थांबायचं कुठे, पुन्हा निघायचं कधी. आणि या विषयात आपल्या मुलखाचा अनुभव काही शतकांचा आहे.

'मजल' हा शब्दच बघा ना. मूळ अरबी मंझिल, म्हणजे उतरायची जागा, मुक्काम. मराठीत मजल म्हणजे एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची चाल. अंतर मोजायला कोस होताच, पण प्रवास मोजायचा तो मजलांनी. अंतराचं एकक म्हणून थांब्याचं नाव वापरणं मला फार शहाणपणाचं वाटतं. (आपली ॲप पावलं मोजतात. दहा हजार पावलांचा तो प्रसिद्ध आकडाही कुठल्या संशोधनातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानच्या यामासा कंपनीने बाजारात आणलेल्या पावलं मोजायच्या यंत्राचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. असो.)

लातूर जिल्ह्यातलं उदगीर घ्या. 3 फेब्रुवारी 1760 ला तिथे सदाशिवराव भाऊंनी निजामाला हरवलं. मग मार्चच्या मध्याला परतूरहून तीच फौज उत्तरेकडे निघाली आणि मेअखेर ग्वाल्हेरला पोचली. अंतर आठ-नऊशे किलोमीटर, दिवस साधारण पंच्याहत्तर. भागाकार केला तर दिवसाला दहा-बारा किलोमीटर! आमच्या ऑफिसातला कुणीही हा आकडा ऐकून हसेल. पण या सरासरीत थांबलेले दिवसही धरलेत, बरोबर तोफा, बैल, बाजारबुणगे आणि यात्रेकरू होते, आणि जिथे चारा-पाणी तिथेच मुक्काम. मोठ्या जमावाचा वेग त्यातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्यावर ठरतो.

आता वारी. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली असं मानतात. ज्ञानेश्वरांच्या पालखीचा आजचा शिस्तबद्ध सोहळा हे एकोणिसाव्या शतकातल्या हैबतबाबा आरफळकरांचं काम. हे बाबा मूळचे साताऱ्याकडच्या आरफळचे, पण आयुष्य गेलं ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी. फौजेतला माणूस! तंबू, घोडे, सरंजाम अंकलीच्या शितोळे सरदारांकडून आला, आणि आजही घोडे अंकलीहूनच येतात. दिंड्यांना क्रम, निघायची खूण, चोपदाराने दंड उंचावला की लाखोंचा समाज क्षणात गप्प. हा लष्करी तळाचा थाट आहे, फक्त हातात भाल्याऐवजी टाळ आले.

या पालखीचं वेळापत्रक मी इंजिनिअरच्या नजरेने मांडून बघितलं, तेव्हा मजा वाटली. (अंतरं अंदाजे धरा, दरवर्षी तिथीप्रमाणे थोडा फरक पडतो.) आळंदी ते पुणे, तीसच्या आसपास किलोमीटर. मग पुण्यात दोन रात्री. पुणे ते सासवड, पुन्हा तीसेक, त्यात दिवे घाटाचा चढ. मग सासवडला दोन रात्री. त्यानंतर जेजुरी सोळा, वाल्हे बारा, लोणंद वीस, तरडगाव आठ! तिथून पुढे फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव अशा अठरा ते एकवीसच्या समान मजला. शेवटी वाखरी दहा आणि पंढरपूर पाच. म्हणजे दोन मोठे धक्के, प्रत्येकानंतर एक पूर्ण दिवस विसावा, मग लहान मजला, मग एक स्थिर लय आणि शेवटी उतरती. आज एखाद्या प्रशिक्षकाला आराखडा करायला सांगितला तर तो फार वेगळं काही देईल असं वाटत नाही. फक्त सुरुवातीचे धक्के जरा कमी करेल.

हे स्नायूंचा विचार करून आखलंय असा माझा दावा नाही. पुण्यात लोकांना दर्शन हवं असतं, सासवडला सोपानकाकांची समाधी आहे. पण परिणाम व्हायचा तो होतोच. आणि दिवसाच्या आतही तीच रचना आहे: पहाटे निघणं, मध्ये छोटे विसावे, दुपारचं जेवण, संध्याकाळी समाजआरती. कुणीही एकटा पुढे पळत नाही. माझं आवडतं उदाहरण म्हणजे वेळापूरच्या अलीकडचा 'धावा'. पंढरपूर जवळ आलं म्हणून अख्खा समाज उतारावरून धावत सुटतो. उतारावर धावणं म्हणजे पाय आंबायचा हमखास मार्ग. पण हा प्रकार दोन आठवडे चालून झाल्यावर येतो, पहिल्या दिवशी नाही. तोवर पायांनी सगळं सोसून घेतलेलं असतं.

अहमदपूर तालुक्यातली आमची आजी वारीला जायची. तिच्या पिशवीत एक बाटली करडईचं तेल, एक जुनं मऊ लुगडं फाडून केलेल्या पट्ट्या आणि सुई-दोरा. पहिले चार दिवस मुक्कामाला पोचलं की आधी पाय धुवून तेल लावायचं, भाकरी नंतर. नवी चप्पल वारीला न्यायची नाही हा घरातला कायदा. फोड आलाच तर त्याची साल काढायची नाही, हा दुसरा. दोन्ही कायदे आजही बदलायची गरज नाही. तेल चोळल्याने दुखणं थोडं हलकं होतं हे तर प्रयोगांतही दिसलंय, अर्थात श्रेय चोळण्याला आहे, करडईला नाही. (आजीसमोर हे बोलायची टाप नव्हती.)

लातूरकरांसाठी एक गंमत. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रूळांची गाडी 1906 मध्ये पंढरपूरला आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. पंढरीच्या यात्रेकरूंवर कंपनीची मोठी भिस्त होती. म्हणजे गेली शंभरहून अधिक वर्षं लातूरच्या माणसाला विठोबाला जायला चालण्याची सक्ती नाही. तरी लोक चालले, आणि लातूर-नांदेडकडचे कित्येक जण आजही रेल्वेने किंवा एसटीने आधी उलटे आळंदीला जातात, चालत पंढरपूर गाठण्यासाठी! शेगावच्या गजानन महाराजांची पालखी तर सातशेहून जास्त किलोमीटर चालते. परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत लातूरच्या शेजारून जाते आणि परतही पायीच येते. व्यायाम हा शब्द इथे कुणी वापरत नाही, पण गाडी असताना चालणं निवडायचं, यात आपल्या वीकांताच्या चालण्याशी त्यांचं नातं लागतंच.

याच मुलखात निवड नसलेलं चालणंही झालंय, आणि ते टाळून हा विषय पुरा होत नाही.

27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारलं गेलं. पुढच्या वर्षी 11 नोव्हेंबरला प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून तेव्हाच्या औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. दिवसाला तीसेक किलोमीटर. आता मघाचं वेळापत्रक आठवा. वारीत हे अंतर फक्त पहिल्या दोन मजलांना आहे आणि दोन्हीनंतर विसावा आहे. इथे ते रोज होतं. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी मोर्चा अडवला, लाठ्या चालल्या, अटका झाल्या. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. तोवर नांदेड-लातूरची कॉलेजंसुद्धा त्याच विद्यापीठात होती, म्हणजे आमच्या आधीच्या पिढीच्या डिग्रीवरच्या नावाचा हा झगडा होता.

मार्च 2018 चा किसान सभेचा नाशिक-मुंबई मोर्चा आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. 6 तारखेला निघाले, 12 ला आझाद मैदान, 180 किलोमीटर. सोललेल्या तळव्यांचे ते फोटो. शेवटची मजल तर रात्रीत केली, सकाळी दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांना अडचण नको म्हणून. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. ते पाहून मला पुण्यातली वारीची सकाळ आठवली. तिथेही कुणी पाय चोळून देतं, कुणी फुकट चप्पल शिवून देतं. पाय चालणाऱ्याचे, मुक्काम मात्र दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो.

आणि 2020. लॉकडाऊनमध्ये जालन्याहून मध्य प्रदेशातले काही मजूर घरी जायला निघाले. भुसावळला गाडी मिळेल अशी आशा. रस्त्याने गेलं तर अडवतील म्हणून रुळांवरून. रात्रभरात छत्तीसेक किलोमीटर चालून झाल्यावर बदनापूर आणि करमाड स्टेशनांच्या मध्ये थकून रुळांवरच झोपले. 8 मे च्या पहाटे मालगाडीखाली त्यातले सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल.

तरुण, कष्टाची सवय असलेली माणसं होती. छत्तीस किलोमीटरने त्यांना काही झालं नसतं. त्या रात्री वाटेत अशी एकही जागा नव्हती जिथे त्यांना उघडपणे पाठ टेकता येईल. शाळा बंद, ढाबे बंद, देवळं बंद, रस्त्यावर पोलीस. हजारो माणसांच्या जेवणा-झोपण्याची सोय दर आषाढात करणाऱ्या राज्यात सोळा माणसांना एक मुक्काम मिळाला नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं.

येत्या डिसेंबरात आम्ही चौघं नांदेड ते लातूर चालायचं म्हणतोय, साधारण 140 किलोमीटर. दोघांचा आग्रह चार दिवसांत उरकायचा आहे, कारण सुट्टी तेवढीच. माझा आराखडा आठ दिवसांचा: पहिला दिवस फक्त सोनखेडपर्यंत, मग लोहा, खंडोबाचं माळेगाव करत माळाकोळी, तिथून अहमदपूर. अहमदपूरला पूर्ण एक दिवस काही करायचं नाही. मग चाकूर आणि चाकूर-लातूरच्या मध्ये एक थांबा. नोव्हेंबरभर दर शनिवारी आठ, बारा, पंधरा अशी तयारी. अहमदपूरला आमचे नातेवाईक आहेत, लोह्याला एका मित्राचं घर. सोनखेड, माळाकोळी आणि चाकूरला कुणाची ओसरी मिळते का, याची फोनाफोनी सध्या चालू आहे.